साक्षीच्या पिंजऱ्यातली सोबत

सिअ‍ॅटलच्या बाल न्यायालयात २००३ साली जीटर नावाचा एक कुत्रा येऊ लागला. त्याला आणणाऱ्या एलन ओ'नील-स्टीफन्स या किंग काउंटीच्या ज्येष्ठ सरकारी वकील. जीटर खरं तर त्यांच्या मुलाचा. मुलाला सेरेब्रल पाल्सी होती, आणि त्याच्या मदतीसाठी 'कॅनाइन कम्पॅनियन्स फॉर इंडिपेंडन्स' या संस्थेने तयार केलेला हा कुत्रा घरी आला होता. ज्या दिवशी मुलाचं त्याच्यावाचून अडत नसे, त्या दिवशी आई त्याला कामावर घेऊन जाई. तेव्हा त्यांच्याकडे व्यसनात अडकलेल्या अल्पवयीन मुलांची प्रकरणं होती. कोर्टाच्या व्हरांड्यात वकील, पोलीस, समुपदेशक या कुणाशीही धड न बोलणारी ही मुलं जीटरशी मात्र बोलायची. मुलं शांत होतात, आईबापांचा ताण उतरतो, हे सगळ्यांच्याच लक्षात येऊ लागलं.

मग त्याच कचेरीतल्या एका सहकाऱ्यापुढे पेच उभा राहिला. दोन लहान जुळ्या बहिणींना लैंगिक अत्याचाराच्या खटल्यात साक्ष द्यायची होती, आणि समोर बसणारा आरोपी त्यांच्या घरातलाच होता. मुली कोर्टाच्या खोलीत पाऊल टाकायला तयार होईनात. जीटरला आणता येईल का, असं त्या सहकाऱ्याने विचारलं. जीटर आला, मुलींची साक्ष झाली. कायद्यात याला आधार आहे का, हे तोवर कुणी पाहिलंही नव्हतं.

या प्रसंगाच्या आधीही कुत्रे न्यायाच्या कामात आले होते. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात १९८० च्या दशकाच्या अखेरीला लैंगिक गुन्ह्यांचा विभाग सांभाळणाऱ्या सरकारी वकील अ‍ॅलिस वॅक्स यांच्याकडे शीबा नावाची जर्मन शेफर्ड होती, आणि कचेरीत येणाऱ्या मुलांना ती सोबत करायची. पण त्यातून पद्धत अशी उभी राहिली नाही. सिअ‍ॅटलमध्ये ती राहिली, याचं श्रेय ओ'नील-स्टीफन्स यांच्या चिकाटीला द्यायला हवं. एका खटल्यात जमलं म्हणून त्या थांबल्या नाहीत. हे काम पूर्णवेळ करणारा, त्यासाठीच तयार केलेला कुत्रा कचेरीला मिळायला हवा, असा आग्रह त्यांनी धरला.

मुलांची साक्ष हा इंग्रजी परंपरेच्या न्यायालयांना फार जुन्या काळापासून छळणारा प्रश्न आहे. १८९५ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे व्हीलर नावाच्या आरोपीचं अपील आलं. त्याला खुनासाठी दोषी ठरवण्यात मृताच्या साडेपाच वर्षांच्या मुलाच्या साक्षीचा वाटा होता. त्या पोराला न्यायाधीशांनी विचारलं होतं, खरं आणि खोटं यातला फरक कळतो का? कळतो, म्हणाला, खोटं बोललं तर वाईट माणूस धरून नेईल. सर्वोच्च न्यायालयाने ती साक्ष ग्राह्य धरली. साक्षीला वयाची अट नाही, समज हवी, असं तत्त्व तिथे पक्कं झालं. मात्र त्या मुलाला उंच खुर्चीवर बसवून अनोळखी माणसांच्या गर्दीत वडिलांच्या मरणाबद्दल बोलायला लावताना त्याच्या जिवावर काय बेतलं असेल, हा विषय त्या निकालात कुठेच नाही. तो विषय न्यायालयापुढे यायला जवळजवळ शंभर वर्षं जावी लागली.

अमेरिकेच्या घटनेतली सहावी दुरुस्ती आरोपीला एक मोठा हक्क देते: आपल्याविरुद्ध बोलणाऱ्याने आपल्या समोर येऊन बोलावं. हा हक्क हलका नाही. पाठीमागून आरोप करून माणसाला तुरुंगात टाकण्याच्या जुन्या जुलमी पद्धतीवरचा तो उतारा आहे, आणि आपल्यापैकी कुणावर खोटा आळ आला तर आपणही तोच हक्क मागू. पण साक्षीदार सहा वर्षांचा असेल आणि आरोपी त्याला रोज रात्री झोपवणारा माणूस असेल, तर हाच हक्क साक्षीदाराचं तोंड बंद करतो. आयोवा राज्यात एका खटल्यात तेरा-तेरा वर्षांच्या दोन मुली आणि आरोपी यांच्यामध्ये पडदा लावला गेला. आरोपीला त्या अंधुक दिसत, मुलींना तो दिसत नसे. १९८८ साली 'कॉय विरुद्ध आयोवा' या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हा पडदा घटनाबाह्य ठरवला. दोनच वर्षांनी, १९९० मध्ये, 'मेरिलंड विरुद्ध क्रेग' खटल्यात मूल वेगळ्या खोलीत बसून बंदिस्त टीव्हीवरून साक्ष देऊ शकतं, असं याच न्यायालयाने मान्य केलं. अट अशी की आरोपीसमोर ते मूल बोलूच शकणार नाही, हे त्या विशिष्ट प्रकरणात आधी सिद्ध व्हायला हवं. हा निकाल पाच विरुद्ध चार अशा एका मताने लागला. नऊ न्यायमूर्ती इतके दुभंगलेले होते, यावरून प्रश्न किती नाजूक आहे ते कळतं.

याच काळात कॅलिफोर्नियातल्या मॅनहॅटन बीच या गावात मॅकमार्टिन बालवाडीचं प्रकरण घडत होतं. १९८३ मध्ये आरोप झाले, खटला १९९० पर्यंत चालला, आणि शेवटी एकही आरोपी दोषी ठरला नाही. मुलांना बोलतं करणाऱ्या मोठ्या माणसांनी सुचवणारे प्रश्न विचारले होते. हातात बाहुल्या घेऊन, 'बाकीच्या मुलांनी सांगितलं, मग तू का सांगत नाहीस' अशा धाटणीने. मुलांना काय वाटतं आणि मोठ्यांना काय ऐकायचं आहे, यातली रेघ पुसली गेली. खरोखर काही घडलं असेल तर तेही त्या गोंधळात हरवलं. मुलाला धीर देणारा माणूसच नकळत त्याच्या तोंडी शब्द घालू शकतो, हा धडा अमेरिकेने फार मोठी किंमत मोजून घेतला. त्या दरम्यान, १९८५ साली, अलाबामातल्या हंट्सव्हिल इथे बड क्रेमर या सरकारी वकिलाने मुलांसाठी एक वेगळं केंद्र उघडलं. तिथे पोलीस, डॉक्टर, समुपदेशक एका छताखाली येतील आणि मुलाला तीच कहाणी दहा जणांना सांगावी लागणार नाही, अशी रचना होती. आज अशी शेकडो केंद्रं अमेरिकेत आहेत.

मॅकमार्टिन लक्षात ठेवल्याशिवाय कुत्र्याचं महत्त्व कळत नाही. साक्षीदाराजवळ आई बसली तर ती मान हलवते. समुपदेशक बसली तर तिचा चेहरा बोलतो. कुणी हात धरला तर तो हात दाबला गेला की नाही, यावर बचाव पक्षाचा वकील बोट ठेवणारच, आणि त्यात त्याची चूक नाही. कुत्र्याला खटल्यातलं काही माहीत नसतं. कोणतं उत्तर सोयीचं आणि कोणतं अडचणीचं, हे त्याला कळत नाही. मूल सरकारी वकिलाला उत्तर देतंय की उलटतपासणीला सामोरं जातंय, याने त्याच्या वागण्यात काडीचा फरक पडत नाही. धीर आणि पढवणूक या दोन गोष्टी माणसाच्या सोबतीत एकमेकींपासून सोडवता येत नाहीत; कुत्र्याच्या सोबतीत त्या मुळातच वेगळ्या राहतात. शिवाय तो साक्षीदार आणि आरोपी यांच्या मधे येत नाही. पडदा नको, टीव्ही नको. आरोपीचा समोरासमोरचा हक्क जिथल्या तिथे राहतो.

किंग काउंटीच्या कचेरीत २००४ साली एली नावाची लॅब्राडोर कुत्री पूर्णवेळ कामाला आली. तिला सांभाळायच्या पेज उल्री, याच कचेरीतल्या सरकारी वकील. वृद्ध आणि असहाय प्रौढांची फसवणूक, छळ अशी प्रकरणं त्या पाहत. एली राहायची त्यांच्या घरी, सकाळी त्यांच्याबरोबर कचेरीत यायची आणि दिवसभर ज्याला गरज असेल त्याच्या वाट्याला जायची.

अशा कुत्र्यांची तयारी पाहिली की ही घरच्या लाडक्या कुत्र्याने करायची गोष्ट नाही हे पटतं. पिल्लू साधारण आठ आठवड्यांचं झालं की ते एखाद्या स्वयंसेवक कुटुंबाकडे जातं. वर्ष-दीड वर्ष ते कुटुंब त्याला बाजारात, लिफ्टमध्ये, बसमध्ये, गर्दीत नेतं. मग ते संस्थेकडे परत येतं आणि पुढचे अनेक महिने व्यावसायिक प्रशिक्षक त्याला शिकवतात. बरीच पिल्लं या टप्प्यावर गळतात. एखादं आवाजाला दचकतं, एखाद्याला खारीमागे धावल्याशिवाय राहवत नाही. टिकणाऱ्यांना चाळीसच्या आसपास हुकूम येतात. त्यातला एक 'व्हिजिट': कुत्रा जवळ जाऊन बसलेल्या माणसाच्या मांडीवर डोकं ठेवतो आणि पुढचा हुकूम येईपर्यंत तसाच राहतो. दुसरा 'अंडर': टेबलाखाली किंवा खुर्चीखाली शिरून आडवं व्हायचं. साक्षीच्या पिंजऱ्यात हाच सगळ्यात उपयोगी. कारण तिथे कुत्र्याचं मुख्य काम म्हणजे काहीही न करणं. वकील आवाज चढवतो, न्यायाधीशांचा हातोडा आपटतो, साक्षीदार हुंदके देतो, आणि कुत्रा तासन्‌तास पायाशी पडून राहतो. त्याला सांभाळणारं माणूस जवळ नसलं तरीही. हे शेवटचं सगळ्यात अवघड. रुग्णालयांत आणि शाळांत भेटीला येणारे थेरपी कुत्रे आपल्या मालकाच्या हाताशी राहून काम करतात. कोर्टात मालकाने पिंजऱ्याशेजारी उभं राहणं परवडत नाही, कारण मग पुन्हा एक माणूस साक्षीदाराजवळ आला.

कोर्टातली पद्धतही हळूहळू बसत गेली. ज्यूरी बाहेर असतानाच साक्षीदार आणि कुत्रा आत येतात. कुत्रा पिंजऱ्याच्या आत, पायाशी, शक्यतो कठड्याआड जाऊन पडतो. एक सैलसा दोर बऱ्याचदा मुलाच्या हातात दिला जातो. कुत्रा आपल्या ताब्यात आहे, ही भावना तिथे फार मोलाची असते, कारण त्या खोलीतलं दुसरं काहीच त्या मुलाच्या ताब्यात नसतं. मग ज्यूरी आत येते. कुत्र्याच्या असण्यावरून साक्ष खरी की खोटी याचा काहीही अर्थ काढू नका, अशी समज न्यायाधीश ज्यूरीला देतात. साक्ष संपली की ज्यूरी आधी बाहेर जाते. कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने २०१४ मध्ये चेनॉल्ट खटल्यात याच धर्तीची खबरदारी घ्यायला सांगितली.

एलीच्या नावाला कायद्याच्या पुस्तकात जागा मिळाली ती मात्र एका प्रौढ माणसामुळे. पन्नाशी ओलांडलेला, अनेक व्याधींनी ग्रासलेला आणि बौद्धिक वय सहा ते बारा वर्षांच्या मुलाइतकं असलेला हा माणूस सिअ‍ॅटलच्या परिसरात एकटा राहत होता. ओळखीच्या एका बाईने त्याच्या भाबडेपणाचा फायदा घेऊन त्याच्या नावावर हजारो डॉलरचं कर्ज केलं. तिच्या साथीदाराने त्याच्या घरातून वस्तू उचलून नेल्या. त्यानंतर या माणसाने दाराला एकामागून एक कुलपं लावली, आणि तो तवा आणि सुऱ्या जवळ ठेवून झोपू लागला. निकालपत्रात नोंदलेला हा तपशील वाचताना पोटात कालवतं. चोराशी लढायला त्याला स्वयंपाकघरातल्या वस्तू सुचल्या.

साक्षीला उभं राहायचं म्हटल्यावर तो घाबरून गेला. सरकारी वकिलांनी एली सोबत असू द्यावी अशी परवानगी मागितली, बचाव पक्षाने हरकत घेतली, न्यायाधीशांनी परवानगी दिली. आरोपी, म्हणजे तो साथीदार डाय, दोषी ठरला आणि अपिलात गेला. ज्यूरीच्या मनात साक्षीदाराविषयी आपोआप कणव निर्माण होते, कुत्रं पायाशी असलेला माणूस पीडितच असणार असं गृहीत धरलं जातं, असं त्याचं म्हणणं. वॉशिंग्टन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ते फेटाळलं. साक्ष नीट व्हावी यासाठी खोलीत काय असावं, हे ठरवण्याचा अधिकार खटला चालवणाऱ्या न्यायाधीशाचा आहे. एलीमुळे आरोपीचं नेमकं काय नुकसान झालं, हे त्याला दाखवता आलं नाही. मुलांना साक्षीच्या वेळी बाहुली जवळ धरू देण्याचे निकाल आधीच होते, त्यांचाही आधार घेतला गेला.

हा निकाल मला योग्य वाटतो. पण बचाव पक्षाची बाजू तेवढ्याने संपत नाही. ती सगळ्यात नेमकी मांडली गेली देशाच्या दुसऱ्या टोकाला, न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी गावी.

तिथे २०११ साली रोझी नावाची अकरा वर्षांची गोल्डन रिट्रीव्हर एका पंधरा वर्षांच्या मुलीशेजारी साक्षीच्या पिंजऱ्यात बसली. त्या राज्यात न्यायाधीशांच्या परवानगीने अशी सोबत करणारी ती पहिली. मुलगी बोलता बोलता अडखळली तेव्हा रोझी उठली आणि नाकाने तिला हलकेच ढोसलं, असं तेव्हाच्या बातम्यांत आलं. आरोपी दोषी ठरला. बचावाच्या वकिलांचा युक्तिवाद असा होता: कुत्रा ताण ओळखतो, सत्य नाही. खोटं बोलणाऱ्यालाही ताण येतोच, आणि रोझी त्यालाही तितक्याच मायेने नाक लावेल. पण ज्यूरीला दिसतं ते असं की मुलगी कुत्र्याला कुरवाळते आहे, म्हणजे तिला यातना होताहेत, म्हणजे ती खरं बोलते आहे. आणि कुत्र्याची उलटतपासणी घेता येत नाही.

या युक्तिवादात दम आहे. वर मी कुत्र्याचा जो गुण सांगितला, त्याला काही कळत नाही हा, तोच इथे दोष म्हणून पुढे येतो. न्यूयॉर्कच्या अपील न्यायालयाने २०१३ मध्ये, वॉशिंग्टनच्या निकालाच्या थोडं आधी, आरोपीचं अपील फेटाळलं. बालसाक्षीदाराच्या मानसिक ताणाबाबत न्यायाधीशांनी संवेदनशील राहावं असं सांगणारा कायदा त्या राज्यात होताच. कुत्र्याची सोबत त्या कायद्याच्या भावनेत बसते, असं न्यायालय म्हणालं. पण ज्यूरी खरोखर वाहवत जाते का, याचं उत्तर कायद्याच्या कलमांतून मिळणारं नव्हतं. पुढे संशोधकांनी नकली खटले उभे करून, नकली ज्यूरीसमोर कुत्र्यासह आणि कुत्र्याशिवाय साक्षी मांडून पाहिल्या. त्यांत कुत्र्यामुळे निकाल आरोपीविरुद्ध झुकतो असं ठळकपणे दिसलं नाही. अशा प्रयोगांना मर्यादा असतात. खोलीत बसून कागदावरचा किंवा पडद्यावरचा खटला वाचणारा विद्यार्थी आणि खऱ्या माणसाला जन्मठेपेत पाठवणारा ज्यूरर यांची मनं सारखी चालत नसतील. तरी बचाव पक्षाची भीती जितकी मोठी होती तितका पुरावा हाती लागला नाही, एवढं म्हणता येतं.

ज्यूरी म्हटलं की आपल्याकडच्या वाचकाला नानावटी खटला आठवतो. १९५९ मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयात आठ विरुद्ध एक अशा बहुमताने ज्यूरीने नानावटींना खुनाच्या आरोपात निर्दोष ठरवलं, न्यायाधीशांना तो कौल विपरीत वाटला म्हणून प्रकरण उच्च न्यायालयाकडे गेलं आणि तिथे शिक्षा झाली. देखणा नौदल अधिकारी, वर्तमानपत्रांनी उभं केलेलं वातावरण, लोकांची कणव. हे सगळं ज्यूरीच्या खोलीत शिरलं होतं. अमेरिकन बचाव वकिलांना कुत्र्याची धास्ती का वाटते, हे मुंबईकराला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

कनेक्टिकट राज्यातल्या डेव्हन डी. या खटल्यात तर निकाल दोनदा फिरला. तिथे समर नावाच्या कुत्रीला साक्षीदार मुलीजवळ बसू दिलं गेलं होतं. २०१४ मध्ये अपील न्यायालयाने सांगितलं की हे चुकलं. कुत्र्याशिवाय मुलगी बोलूच शकणार नाही अशी निकड सिद्ध व्हायला हवी होती, शिवाय मुलगी आणि कुत्री यांची आधी ओळखसुद्धा नव्हती. २०१६ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल उलटवला. निकड सिद्ध करण्याची एवढी कडक अट नको. साक्षीदाराला पूर्ण आणि भरवशाची साक्ष द्यायला मदत होईल का, आणि त्यात आरोपीवर अन्याय होतो का, एवढं न्यायाधीशांनी तोलावं. ओळखीचा मुद्दा मला तरी अपील न्यायालयाचाच बरोबर वाटतो. अनोळखी कुत्रा अचानक पायाशी येऊन बसला तर काही मुलांना धीर येईल, काहींना धडकी भरेल. चांगल्या कचेऱ्या आज साक्षीच्या कितीतरी आधी, पहिल्या जबाबापासून, मुलाची आणि कुत्र्याची गाठ घालून देतात.

मिशिगनमध्ये २०१८ साली या पद्धतीला मर्यादा पडली. तिथे एका सज्ञान, कोणतंही अपंगत्व नसलेल्या स्त्रीने बलात्काराच्या खटल्यात कुत्रा आणि त्याला सांभाळणारी व्यक्ती अशा दोघांसह साक्ष दिली. अपील न्यायालयाने शिक्षा रद्द केली. मुलांसाठी आणि अपंगांसाठी असलेली सवलत धडधाकट प्रौढाला देण्याचा आधार कायद्यात नाही, असं कारण दिलं. या निकालाने मी अस्वस्थ होतो. बलात्कार झालेली तिशीतली बाई आणि सोळा वर्षांची मुलगी यांच्या भयात वाढदिवसांनी नेमका काय फरक पडतो? मात्र तिथे कुत्र्यासोबत माणूसही पिंजऱ्याजवळ होता, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही. सिअ‍ॅटलच्या मंडळींनी सांभाळणाऱ्याला दूर ठेवण्याचा हट्ट का धरला होता, ते इथे कळतं.

ओ'नील-स्टीफन्स यांनी प्राण्यांच्या डॉक्टर सेलेस्ट वॉल्सन यांच्या साथीने 'कोर्टहाउस डॉग्ज' ही संस्था उभी केली. राज्याराज्यांत जाऊन सरकारी वकील, न्यायाधीश, पोलीस यांना त्या दोघींनी पद्धत शिकवली. कुत्रा मान्यताप्राप्त संस्थेचाच असावा, त्याला सांभाळणारा न्यायव्यवस्थेतच काम करणारा असावा, बचाव पक्षालाही कुत्रा मागता यावा. हा शेवटचा मुद्दा फार कमी लोकांच्या लक्षात येतो. सोबत एकाच बाजूच्या साक्षीदाराला मिळाली तर ती हत्यार होते. अर्कान्सास, इलिनॉय, ओक्लाहोमा, अ‍ॅरिझोना अशा राज्यांनी याबाबत कायदे केले, आणि केंद्रीय फौजदारी कायद्यातही आता तरतूद आली आहे. चाळीसहून अधिक राज्यांत असे कुत्रे कामावर आहेत. कॅनडात ब्रिटिश कोलंबियाच्या डेल्टा पोलिसांकडे २०१० मध्ये केबर आला. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्याच्या सरकारी अभियोक्ता कार्यालयाने कूप हा काळा लॅब्राडोर नेमला. फ्रान्समध्ये काओर या छोट्या शहरात २०१९ साली लोल नावाचा काळा लॅब्राडोर आला. गंमत अशी की फ्रान्सची न्यायपद्धती अमेरिकेहून पार वेगळी आहे, तिथे समोरासमोर साक्षीचा तसा आग्रह नाही, तरी घाबरलेल्या मुलाचा जबाब कसा घ्यायचा हा पेच तिथेही तोच.

आणि आपल्याकडे? जीटर सिअ‍ॅटलच्या कोर्टात आला त्याच २००३ साली गोव्याने बालक कायदा करून मुलांवरच्या गुन्ह्यांसाठी स्वतंत्र बाल न्यायालयाची तरतूद केली. देशात तेव्हा असा विचार फार थोड्यांनी केला होता. २०१२ मध्ये दिल्लीच्या कडकडडूमा न्यायालयात असुरक्षित साक्षीदारांसाठी वेगळं संकुल उभं राहिलं, आणि त्याच वर्षी मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांसाठीचा पॉक्सो कायदा झाला. त्याचं कलम ३३ वाचण्यासारखं आहे. मुलाला पुन्हा पुन्हा कोर्टात बोलावू नये, मधे मधे विश्रांती द्यावी, वकिलांनी थेट प्रश्न न विचारता न्यायाधीशांमार्फत विचारावेत, आणि मुलाचा ज्याच्यावर विश्वास आहे असा कुटुंबीय, पालक, मित्र किंवा नातेवाईक जवळ असू द्यावा. कलम ३६ सांगतं, आरोपी मुलाला दिसू नये, पण आरोपीला मुलाची साक्ष ऐकू यावी. अमेरिकेत ज्या पडद्यावरून रण माजलं, तो आपण कायद्यातच लिहून ठेवला.

सर्वोच्च न्यायालयाचे दोन महत्त्वाचे आदेश महाराष्ट्रातल्या खटल्यांतून आले. 'महाराष्ट्र राज्य विरुद्ध बंडू ऊर्फ दौलत' हा खटला ऐकू-बोलू न शकणाऱ्या एका अल्पवयीन मुलीवरच्या अत्याचाराचा. त्यात २०१७ मध्ये प्रत्येक उच्च न्यायालयाच्या हद्दीत असुरक्षित साक्षीदारांसाठी किमान दोन केंद्रं उभारण्याचा आदेश झाला. एलीशेजारी बसलेल्या त्या माणसाची आणि या मुलीची गाठ कधी पडणार नव्हती, पण दोन देशांच्या न्यायालयांना एकच गोष्ट उमजली ती अशाच दोघांमुळे. ज्याला बोलणंच अवघड, त्याच्यावर अन्याय करणाऱ्याला सुटायला सगळ्यात सोपं जातं. पुढे २०२२ मध्ये 'स्मृती तुकाराम बडदे विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या प्रकरणात असुरक्षित साक्षीदाराची व्याख्या मुलांपलीकडे नेली गेली. लैंगिक अत्याचाराला बळी पडलेले प्रौढ, मानसिक आजार असलेले, जिवाला धोका असलेले असे सगळे तिच्यात आले. निवृत्त न्यायमूर्ती गीता मित्तल यांच्या अध्यक्षतेखाली देशभरच्या कामावर देखरेख करणारी समिती नेमली गेली. मिशिगनच्या न्यायालयाने ज्या स्त्रीला सवलत नाकारली, ती आपल्या या व्याख्येत बसली असती.

कलम ३३ मधल्या यादीत सगळी माणसं आहेत, आणि खरी अडचण तिथेच येते. अत्याचार करणारा काका असेल, तर सोबतीला आलेली आई त्याची वहिनी असते. ती मुलीच्या बाजूची असली तरी घराचं काय होणार ही धास्ती तिच्या चेहऱ्यावर असते, आणि मुलगी तो चेहरा वाचते. कित्येक साक्षी अशाच फितूर होतात. पैशाने नाही, तर आईच्या नुसत्या नजरेने. पॉक्सोच्या २०२० च्या नियमांनी आधार-व्यक्तीची सोय स्पष्ट केली, पण चांगली प्रशिक्षित आधार-व्यक्ती प्रत्येक तालुक्याला कुठून आणायची?

आपल्याकडे प्राण्यांच्या मदतीने उपचार करण्याचा अनुभव नाही असं नाही. मुंबईत मिनल कविश्वर यांनी सुरू केलेली 'अ‍ॅनिमल एंजल्स' ही संस्था गेली वीसेक वर्षं हे काम करते आहे. आणि अमेरिकन न्यायालयांत सगळ्यात मोठी ठरलेली हरकत, ज्यूरी भावनेच्या भरात वाहवत जाईल ही, आपल्याकडे जवळजवळ उरतच नाही, कारण पॉक्सोचा निकाल विशेष न्यायाधीश देतात आणि साक्षीचं मोल कसं करायचं हे त्यांचं रोजचं काम आहे. अमेरिकेला दहा वर्षं ज्या प्रश्नाशी झगडावं लागलं तो आपल्या वाट्याला आलेलाच नाही. आपल्याला हवी आहेत ती वर्ष-दीड वर्ष पिल्लू वाढवणारी कुटुंबं, त्यांना शिकवणाऱ्या संस्था, मुलाला कुत्र्याची भीती आहे का हे आधी विचारणारी पद्धत, आणि साक्ष नोंदवण्याच्या केंद्रात ओळखीच्या कुत्र्यासह मुलाला आधी एकदा येऊन खुर्चीत बसून पाहायला देणारे न्यायाधीश. 'मुलाला अनुकूल वातावरण' हे शब्द कायद्यात लिहून झाले आहेत, आणि ते निर्माण करण्याचं काम कायद्याने विशेष न्यायालयावरच सोपवलं आहे.